गोयाचा वेलिंग्टन: नेलं चित्र, शिक्षा चौकटीची

नोव्हेंबर 1965. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ज्यूरीने निकाल सांगितला. आरोपी केम्प्टन बंटन, वय 61, न्यूकॅसलचा, एके काळचा बसचालक. चित्र चोरल्याचा आरोप: निर्दोष. पैशासाठी धमकावल्याचा आरोप: निर्दोष. सार्वजनिक उपद्रवाचा आरोप: निर्दोष. चित्राभोवतीची चौकट चोरल्याचा आरोप: दोषी. चौकटीची किंमत 100 पौंड धरली होती. चित्रासाठी 1,40,000 पौंड मोजले गेले होते. शिक्षा झाली तीन महिन्यांची.

फौजदारी कायद्यात 'चोरी' शिकवायला घेतली की मी हे प्रकरण हमखास सांगतो. मुलं आधी हसतात. चित्र सोडून चौकटीची शिक्षा, म्हणजे म्हैस नेली ते चालेल पण दावं का नेलंस, असला न्याय. हसून झालं की मी त्यांना निकाल पुन्हा एकदा सावकाश वाचायला लावतो. त्या ज्यूरीने काहीही वेडंवाकडं केलेलं नव्हतं. इंग्लंडचा कायदा त्या दिवशी जसा होता तसा त्यांनी पाळला आणि कायदा त्यांना जिथे घेऊन गेला तिथे ते गेले. हाच खटला मुंबईत किंवा नागपुरात चालला असता, तर मात्र निकाल वेगळा लागला असता, आणि तोही इंग्रजांनीच आपल्याला दिलेल्या कायद्यानुसार. त्यासाठी हे प्रकरण मुळापासून बघायला हवं.

सुरुवात चित्रापासून करतो. वस्तू नीट पाहिल्याशिवाय ती नेली म्हणजे नक्की काय गेलं ते कळत नाही.

चित्र आहे आर्थर वेलस्लीचं, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. काढलं फ्रान्सिस्को गोयाने, 1812 मध्ये. त्या वर्षी 22 जुलैला सालामांकाला वेलिंग्टनने फ्रेंच फौजेचा पराभव केला आणि 12 ऑगस्टला तो माद्रिदमध्ये शिरला. तिथेच गोयासमोर तो बसला. तेव्हा वेलिंग्टन 43 वर्षांचा होता. गोया 66 वर्षांचा होता आणि जवळजवळ वीस वर्षं ठार बहिरा होता. नेपोलियनचा भाऊ स्पेनच्या गादीवर असतानाही गोया दरबारी चित्रकार होता, आणि आता त्याच भावाला माद्रिदमधून पळवून लावणारा सेनापती त्याच्यासमोर बसला होता. काय बोलणं झालं असेल याचा विचार मनात येतोच, पण बहिऱ्या माणसाशी परक्या भाषेत बोलणार तरी काय. जे काही आहे ते रंगात आहे.

चित्र कापडावर नाही, महॉगनी लाकडाच्या फळीवर आहे. उंची 64 सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी 52च्या आसपास. भिंतभर पसरलेली घोड्यावरची चित्रं ज्या दालनांत असतात, तिथे हे एखाद्या घरगुती तसबिरीएवढं. काखेत मारून नेता येईल असं. पुढच्या सगळ्या गोष्टीला हा आकार कारणीभूत आहे.

चेहरा बघा. सेनापतीची चित्रं साधारण ज्या थाटात काढली जातात तो थाट इथे नाही. डोळे मोठे, उघडे, समोर रोखलेले. ओठ किंचित विलग आहेत, वरचे दात दिसतात. अधिकृत चित्रात दात दाखवायची तेव्हा रीत नव्हती. कित्येक आठवडे मोहिमेवर असलेला, झोप नीट न झालेला माणूस गोयाने जसा दिसला तसा ठेवला. मग नजर खाली उतरते आणि छातीवर अडते. लाल गणवेशावर पट्टे, तारे, गळ्यात सन्मानचिन्हं. जवळ गेलात तर तारे नुसते पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे फटकारे आहेत, घाईघाईत मारल्यासारखे. दोन पावलं मागे आलात की तेच धातूसारखे लखलखतात.

या ताऱ्यांत सगळ्यांत वरचा तारा 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश किताबाचा. खालचे दोन पोर्तुगाल आणि स्पेनने दिलेले. बाथचा किताब वेलस्लीला 1804 मध्ये मिळाला, तो भारतात असताना. त्याच्या आदल्या वर्षीचा हिशेब आपल्या मातीत लिहिलेला आहे. ऑगस्ट 1803 मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. 23 सप्टेंबरला असईला, आजच्या जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आणि तोफखान्याने त्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार आणि जखमी केले. लढाई तो जिंकला, पण म्हातारपणीही आपल्या हातून झालेली सर्वोत्तम लढाई कोणती असं विचारल्यावर तो नेपोलियनला हरवलेल्या वॉटर्लूऐवजी असईचं नाव सांगे. नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला. लंडनमध्ये हे चित्र बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने त्या वरच्या ताऱ्यापाशी थोडं थांबावं असं मला मनापासून वाटतं. तिथे आपल्या तोफखान्यावरची माणसं आहेत, कोणी काढलेली नसली तरी.

आणखी एक. छातीवरचा हा ऐवज एका बैठकीत रंगवलेला नाही. 1812 नंतर वेलिंग्टनला सन्मान मिळतच गेले, आणि 1814 मध्ये गोयाने चित्रात बदल करून गळ्यातला 'गोल्डन फ्लीस' हा स्पेनचा सन्मान आणि सैनिकी सुवर्ण क्रॉस रंगवला. क्रॉसच्या फितीवर प्रत्येक पुढच्या लढाईसाठी एक पट्टी चढत जाई. वेलिंग्टनच्या पट्ट्या शेवटी नऊ झाल्या. चित्रात तीनच आहेत. गणवेशातलं चित्र म्हणजे एका अर्थी सेवापुस्तिका असते, त्यात मागाहून नोंदी होतात आणि काही राहूनही जातात. अशी चित्रं हाती आली तर चेहऱ्याच्या आधी छाती वाचावी, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

चित्र पुढे लीड्सच्या ड्यूक घराण्यात राहिलं. जून 1961 मध्ये ते लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विकायला आलं आणि चार्ल्स राइट्समन या अमेरिकी संग्राहकाने ते 1,40,000 पौंडांना घेतलं. वेलिंग्टन अमेरिकेला चालला म्हणून इंग्लंडमध्ये गहजब झाला. वुल्फसन फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने एक लाख पौंड दिले, सरकारी तिजोरीतून चाळीस हजार आले, राइट्समननेही तेवढ्याच किमतीला चित्र सोडलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते नॅशनल गॅलरीत लागलं. बघायला रांगा लागल्या.

21 ऑगस्ट 1961 रोजी चित्राला पाय फुटले. लागून तीन आठवडेही झाले नव्हते. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, 21 ऑगस्ट 1911 रोजी, पॅरिसच्या लूव्हरमधून मोनालिसा गेली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांना तारखेचं खाद्य मिळालं. नॅशनल गॅलरीतून आजवर चोरीला गेलेलं हे एकमेव चित्र. जागा रिकामी दिसल्यावरही रखवालदारांनी लगेच आरडाओरडा केला नाही. कोणीतरी कामासाठी हलवलं असेल, असा त्यांचा समज झाला. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे पटेल. फाइल जागेवर नसली की 'साहेबांच्या टेबलावर असेल' असंच आपण धरून चालतो. संचालक सर फिलिप हेंडी यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. पाच हजार पौंडांचं बक्षीस लागलं.

पोलिसांच्या आणि लोकांच्या डोक्यात एकच चित्र होतं: सराईत टोळी, पाठीमागे कोणी गडगंज, लहरी संग्राहक. ही कल्पना इतकी घट्ट बसली, की 1962 मध्ये आलेल्या पहिल्या जेम्स बाँडपटात खलनायकाच्या महालात हेच चित्र टांगलेलं दाखवलं आणि प्रेक्षकांना ते चटकन कळलं. तपास नेमका याच कल्पनेने भरकटला असं मला वाटतं. मोठी वस्तू गेली म्हणजे मोठा माणूसच असणार, हे गृहीत धरलं की छोट्या माणसाची पत्रं वाचूनही डोळ्यांत भरत नाहीत.

पत्रं तर आली होती. चोरीनंतर काही दिवसांतच रॉयटर्स वृत्तसंस्थेकडे पहिलं पत्र आलं. मागणी 1,40,000 पौंडांची, पण स्वतःसाठी नाही. हा पैसा धर्मादाय कामासाठी बाजूला काढावा, त्यातून गरीब आणि वृद्ध माणसांच्या दूरदर्शन संचाचे परवाने भरावेत आणि चित्र नेणाऱ्याला माफी मिळावी. पुढची चार वर्षं अधूनमधून अशी पत्रं येत राहिली.

परवान्याची गोष्ट आपल्याकडच्या जुन्या पिढीला समजावी लागणार नाही. रेडिओचा परवाना दर वर्षी पोस्टात जाऊन भरणारी माणसं अजून घराघरांत आहेत. इंग्लंडमध्ये तेव्हा टीव्ही परवान्याला वर्षाला चार पौंड पडत. बंटनने तो भरायला नकार दिला. त्याचं म्हणणं असं, की मी बीबीसी बघतच नाही. त्याने संचातला बीबीसी पकडणारा भाग काढून टाकला होता आणि तो फक्त जाहिरातींवर चालणारी वाहिनी बघत असे. न्यायालयाने हे मानलं नाही. दंड झाला, दंड भरला नाही म्हणून 1960 मध्ये थोडे दिवस तुरुंगही झाला. पुढच्याच वर्षी सरकारने एका सेनापतीच्या तसबिरीसाठी पैसे काढले. चार पौंडांच्या हिशेबाने 1,40,000 पौंडांत पस्तीस हजार परवाने बसतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी घरात एक बोलणारी पेटी मिळावी, ही मागणी मला कधीच हास्यास्पद वाटली नाही. इंग्लंडमध्ये 2000 साली पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना हा परवाना मोफत झाला. 2020 पासून ती सवलत फक्त पेन्शन क्रेडिट नावाचं सरकारी साहाय्य मिळणाऱ्यांपुरती उरली. तेव्हा प्रश्न खरा होता.

मार्ग मात्र चूक होता, हे मी तितक्याच स्पष्टपणे म्हणेन. चित्र सरकारचं नव्हतं, गॅलरीत फुकट येऊन बघणाऱ्या प्रत्येकाचं होतं. परवाना न परवडणारा म्हातारासुद्धा त्यात आलाच.

1965 मध्ये 'डेली मिरर' या वर्तमानपत्राशी पत्रव्यवहार झाला आणि मे महिन्यात त्यांच्या हाती एक पावती आली, बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट रेल्वे स्टेशनवरच्या क्लोक रूमची. तिथे प्रवाशांच्या पेट्यापिशव्यांत चित्र निघालं. फळी शाबूत होती, चौकट नव्हती. एक पैसाही कोणी दिला नव्हता. जुलैमध्ये बंटन आपणहून पोलिसांकडे गेला आणि म्हणाला, मी नेलं होतं.

पोलिसांना आधी पटेना. अंगाने चांगला जाडजूड, साठी ओलांडलेला माणूस स्वच्छतागृहाच्या खिडकीतून आत कसा शिरला असेल? त्याने सांगितलं, की रखवालदारांशी गप्पा मारताना आपल्याला कळलं, पहाटे सफाईवाल्या बायका येतात तेव्हा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवतात. तेवढ्या वेळात काम झालं. कबुलीवर खटला उभा राहिला.

आता खटला. इथे मी विद्यार्थ्यांना वही उघडायला सांगतो.

तेव्हा इंग्लंडमध्ये 1916 चा चोरीविषयक कायदा लागू होता. त्यानुसार चोरी ठरायला मालकाच्या संमतीशिवाय वस्तू नेणं पुरत नसे. नेताना मालकाला त्या वस्तूला कायमचं मुकवायचा इरादा असावा लागे. 'कायमचं' या एका शब्दावर सगळा खटला उभा होता. बंटनचे वकील जेरेमी हचिन्सन यांनी तोच शब्द धरला. ते त्या वेळच्या नामांकित फौजदारी वकिलांपैकी होते. त्यांचा मुद्दा साधा होता. या माणसाला चित्र ठेवायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. विकता येणारही नव्हतं, सगळ्या जगाला तो चेहरा ठाऊक होता. त्याला चार वर्षांत पैसे मिळाले नाहीत, तरी त्याने चित्र परत केलं. मग कायमचं मुकवायचा इरादा कुठे दिसतो? सरकारी पक्षाला उत्तर देणं जड गेलं, कारण सगळ्यात मोठा पुरावा आरोपीच्या बाजूने होता. चित्र परत आलेलं होतं. न्यायाधीश कार्ल आर्वोल्ड यांनी ज्यूरीला सांगितलं, की पैसे मिळाले नसते तरी चित्र परत करायचंच असा त्याचा इरादा असू शकेल असं वाटत असेल, तर चित्राच्या आरोपातून त्याला सोडावं लागेल.

ज्यूरीने सोडलं. पण चौकट? चौकट परत आली नव्हती. ती आपल्या कामाची नव्हती, असं बंटनच्याच वागण्यातून दिसत होतं. जी वस्तू परत द्यायचा विचारच केला नाही, तिच्या बाबतीत 'कायमचं मुकवणं' सिद्ध झालं. म्हणून दोषी. बारकाईने पाहिलं तर निकालात कुठेही तर्काची गाठ सुटलेली नाही. शिक्षा देताना न्यायाधीशांनी हेतू चांगला असला तरी चोरीचं समर्थन होत नाही, असं सुनावलं. ज्यूरीने आधीच जे हातातून काढून घेतलं होतं ते त्यांना परत घेता येणार नव्हतं. आपल्याकडे 1959 मध्ये नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटलं, तेव्हा न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं होतं. आपल्या फौजदारी प्रक्रियेत तशी सोय होती. इंग्लंडमध्ये ज्यूरीचं 'निर्दोष' हा शेवटचा शब्द.

आता हाच प्रसंग आपल्या कायद्याच्या फूटपट्टीने मोजू.

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1837 मध्ये तयार केला, तो 1860 मध्ये संमत झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाला. कलम 378 मध्ये चोरीची व्याख्या आहे. कोणाच्या तरी ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने हलवणं म्हणजे चोरी. यात 'कायमचं' हा शब्द नाही. पुन्हा वाचा, कुठेही नाही. 'अप्रामाणिकपणे' म्हणजे काय ते कलम 24 सांगतं: एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी करण्याचा इरादा. आणि गैरहानी म्हणजे काय हे सांगताना कलम 23 एक फार मोलाची गोष्ट बोलून जातं. वस्तू हिरावून घेतली म्हणजे हानी होतेच, पण एखाद्याला त्याच्या वस्तूपासून गैरपणे दूर ठेवलं तरी ती हानीच. दूर ठेवणं. गॅलरीला आणि तिच्या प्रेक्षकांना चार वर्षं नेमकं हेच झालं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण कलम 378 खाली जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत एक आहे, इंग्रजी अक्षरक्रमाने 'एल' क्रमांकाचं. 'अ' हा 'झ'ची वस्तू त्याच्या संमतीशिवाय नेतो, ती परत करण्याबद्दल 'झ'कडून बक्षीस म्हणून पैसे मिळेपर्यंत ठेवून घ्यायची, या इराद्याने. इथे 'अ' अप्रामाणिकपणे वस्तू घेतो, म्हणून त्याने चोरी केली आहे. ओल्ड बेलीतल्या निकालाच्या शंभर वर्षं आधी बंटनचा खटला आपल्या कायद्यात उदाहरण म्हणून लिहून ठेवलेला होता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. हे उदाहरण मी फळ्यावर लिहितो तेव्हा वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही.

एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच: "सर, पण त्याला पैसे स्वतःला नको होते. ते गरिबांना जाणार होते. मग गैरलाभ कसा?" प्रश्न चांगला आहे. उत्तर दोन बाजूंनी देता येतं. लाभ स्वतःचाच असावा असं कलम म्हणत नाही, 'एका व्यक्तीला' म्हणतं. आणि लाभ बाजूला ठेवला तरी हानी पुरेशी आहे. गॅलरीला चित्रापासून दूर ठेवण्याचा इरादा तर त्याने स्वतः पत्रांत लिहून दिलेला होता. पैसे द्या, नाहीतर चित्र दिसणार नाही, हा त्या पत्रांचा मथितार्थ. शिवाय मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली तर कलम 380 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरतं नेणंही चोरी ठरतं हे बंटनच्या खटल्याच्या आठ वर्षं आधी पक्कं केलं होतं, आणि योगायोग असा की त्यातही सैनिकी गणवेश आहे. के. एन. मेहरा विरुद्ध राजस्थान राज्य, 1957. मे 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या दोघा तरुणांनी, त्यातला एक तर आदल्याच दिवशी काढून टाकलेला, परवानगीशिवाय हार्वर्ड जातीचं विमान उडवलं आणि ते पाकिस्तानच्या हद्दीत उतरवलं. बचाव असा, की विमान ठेवून घ्यायचं नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, हानी किंवा लाभ कायमचा असण्याची गरज नाही, थोड्या काळापुरता असला तरी चालतो. पुढे 1962 मध्ये प्यारेलाल भार्गव खटल्यात तर सरकारी कार्यालयातली एक फाइल दुसऱ्याच दिवशी परत आणून ठेवलेली होती. तरीही चोरी.

मेकॉलेविषयी आपल्याकडे बरंच बोललं जातं, शिक्षणावरच्या त्याच्या मतांमुळे, आणि ते योग्यच आहे. पण दंड संहिता लिहिताना त्याला इंग्लंडच्या निवाड्यांनी शतकानुशतकं साचवलेली अडगळ उचलून आणायची नव्हती, कोऱ्या पाटीवर लिहायची मुभा होती. म्हणून हा कायदा सुटसुटीत झाला. इंग्लंड मात्र आपल्याच अडगळीत राहिलं. 1 जुलै 2024 पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरी आता कलम 303 मध्ये आहे, व्याख्या तीच, उदाहरणंही तीच. इमारतीतल्या चोरीचं कलम 305 झालं आणि त्यात देवस्थानातल्या मूर्तींच्या चोरीचाही स्पष्ट उल्लेख आला.

बंटनच्या निकालाने इंग्लंडमध्ये डोळे उघडले. असे प्रकार आधीही घडले होते. 1950 च्या नाताळात काही स्कॉटिश विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीतून राज्याभिषेकाची शिळा नेली होती, ती परत आली आणि खटला झालाच नाही. 1968 च्या नव्या चोरी कायद्यात कलम 11 घातलं गेलं. लोकांना बघण्यासाठी खुल्या असलेल्या इमारतीतून तिथे मांडलेली वस्तू अधिकाराशिवाय बाहेर नेली, की गुन्हा. कायमचा इरादा असो वा नसो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मात्र विक्रीसाठी भरवलेल्या प्रदर्शनाला हे कलम लागत नाही, आणि चोरीच्या मूळ व्याख्येत 'कायमचं' हा शब्द आजही तसाच आहे. जुन्या वाड्याची भिंत न पाडता तिला एक नवी खिडकी ठोकली, एवढंच झालं. मला आपली रचना अधिक सरळ वाटते. गॅलरीतलं चित्र आणि शेजाऱ्याची सायकल यांना वेगळे नियम लागू नयेत.

प्रकरण इथे संपलं असं 2012 पर्यंत सगळे समजत होते. त्या वर्षी इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने एक जुनी फाइल खुली केली. तीत नोंद होती, की 1969 मध्ये बंटनचा मुलगा भलत्याच गुन्ह्यात पोलिसांच्या हाती सापडला, तेव्हा त्याने सांगितलं, गॅलरीत शिरून चित्र मी नेलं होतं. वडिलांना ते त्यांच्या मोहिमेसाठी हवं होतं, शेवटी परत करायचंच असं ठरलेलं होतं. सरकारी अभियोग संचालकांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरला नाही. खिडकीपाशी अडखळलेल्या पोलिसांची पहिली शंका बरोबर होती, असं दिसतं. बंटन स्वतः 1976 मध्ये वारला, मुलाचं नाव त्याने कधी घेतलं नाही.

यंदा एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलं, "सर, मग चौकटीची शिक्षासुद्धा दुसऱ्याच्याच वाट्याची का?" मी तिला म्हटलं, फाइलमधली कबुली न्यायालयात कधी तपासली गेलेली नाही, उलटतपासणी झालेली नाही, तेव्हा निकाल आहे तिथेच राहतो. पण मुलाने आत जाऊन चित्र आणलं आणि वडिलांनी ते जाणूनबुजून घरात ठेवून चार वर्षं पत्रं लिहिली, असं धरलं, तर आपल्या संहितेनुसार दोघांवर काय काय आरोप ठेवता येतील ते घरून लिहून आण. तिने चार पानं लिहून आणली. अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत, होती, समान इरादा होता, चोरीचा माल बाळगणं होतं. शेवटच्या पानावर तळाशी तिने पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: चौकट कुठे आहे?

चित्र आज नॅशनल गॅलरीकडेच आहे, वेगळ्या चौकटीत. जुनी चौकट अजून सापडलेली नाही.